आधी गौरम्माचा व्हिडिओ काढून टाका

मायाक्का बंडगरचा आवाज मी आधी ऐकला, तिला पाहिलं नंतर.

सोलापुरात सात रस्त्याजवळ एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर आमच्या संस्थेचं ऑफिस होतं. संस्थेचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांची आणखी जाहिरात माझ्या हातून व्हायला नको. बालवाडी शिक्षिका होऊ पाहणाऱ्या बायकांसाठी तिथून वर्षभराचा ऑनलाइन कोर्स चालायचा. मी त्यात बालआरोग्य शिकवायचे. प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडं नव्या बाई रुजू झाल्यात, एवढंच मला माहीत होतं. त्या सकाळी पलीकडून आवाज आला.

"हसलं कोण? माइक चालू ठेवून हसलं कोण? नाव सांगा. आज सगळ्यांची ओळखच चाललीय न्हवं? मग तुमची बी होऊ द्या की!"

मी हातातला डबा तसाच ठेवून दारात गेले. ठेंगणी, सावळी, केस घट्ट बांधलेली एक बाई लॅपटॉपसमोर उभी होती. खुर्ची मागं ढकललेली. स्क्रीनवर साठेक चौकोन, त्यातले निम्म्याहून जास्त काळे.

झालं होतं असं. आमचे संचालक अभिमन्यू सर यांनी पहिल्या तासाची रीत ठरवून दिली होती. प्रत्येकीनं कॅमेरा चालू करायचा आणि इंग्रजीत आपली ओळख द्यायची. मायसेल्फ अमुक, गाव तमुक, शिक्षण एवढं, कोर्सला येण्याचा उद्देश असा. अर्ध्या मिनिटात आटपायचं. त्यानं आत्मविश्वास वाढतो, असं सरांचं म्हणणं. अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातली गौरम्मा नावाची बाई आपली पाळी आल्यावर "मायसेल्फ" म्हणाली आणि अडकली. मग "माझा नाव" म्हणाली, तिथंही अडकली, आणि शेवटी घाबरून "नन्न हेसरु गौरम्मा" असं तिच्या घरच्या कानडीत बोलून गेली. कुणीतरी फिसकन हसलं. मग दोघीतिघींनी हसण्याची चित्रं टाकली. गौरम्माचा चौकोन स्क्रीनवरून गेला तो परत आलाच नाही.

तास संपल्यावर मायाक्का पाण्याच्या फिल्टरपाशी आली. मी ओळख सांगितली, तर तिनं माझ्याकडं नीट पाहिलंही नाही.

"बाई, ही ओळख हाय का चौकीवरची चौकशी?" ती म्हणाली. "नाव काय, गाव काय, कशाला आलात. आपल्या घरी पाव्हणी आली तर असं इचारतो का आपण? आधी पाणी देतो की."

तिला राग यायचा तो असा. आणि तो सारखाच यायचा. ऑफिसातल्या पोरांनी तिचं नाव 'चटणी बाई' ठेवलं होतं. तिला ते कळलं तेव्हा ती त्यांच्यावरही चिडली, पण नावासाठी नव्हे, पाठीमागं बोलल्याबद्दल.

तिचा राग कुठून आला हे मला हळूहळू समजलं. ती सांगोल्याकडची. वडील येडू बंडगर मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने बाहेर असायचे आणि पोरगी आश्रमशाळेत. चिंचलीची मायाक्का हे त्यांचं दैवत, तिचंच नाव पोरीला. गावात त्या नावाच्या तीन बाया होत्या, त्यामुळं आपल्या नावात काही हसण्यासारखं आहे हे तिला सोलापूरला कॉलेजात आल्यावरच कळलं. पहिल्या दिवशी प्राध्यापकांनी उभं केलं. तिनं नाव सांगितलं. सगळा वर्ग हसला, आणि प्राध्यापक म्हणाले, "बस बस, छान आहे, अगदी पारंपरिक."

"त्यो 'पारंपरिक' म्हणाला ना, त्याचा मला जास्त राग आला," ती सांगायची. "हसणारी पोरं तरी खरी होती."

पुढं तीन वर्षं तिनं वर्गात तोंड उघडलं नाही. एम.ए. झाली, बी.एड. झाली, लग्न झालं. नवरा जोतिराम एसटीच्या वर्कशॉपमध्ये, शांत माणूस. बायको घरी चिडून आली की तो गुपचूप कुकर लावायचा.

तर त्या दिवशी मायाक्कानं गौरम्माला फोन लावला. मी शेजारीच होते. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"मी मायाक्का बोलतीय. शिकवणारी," ती म्हणाली. "मला मॅडम म्हणू नकोस, माझ्या नावातच अक्का हाय. माझ्या नावाला अख्खा वर्ग हसला होता, तुझ्या नावाला तर एकच बाई हसली. उद्या ये."

"मराठी चांगला येत न्हाय मला, अक्का," गौरम्मा म्हणाली.

"मला बी इंग्रजी चांगलं येत न्हाय. तरी पगार घेतीय. ये."

आणि दुसऱ्या दिवशी मायाक्कानं सरांची रीत सरळ गुंडाळून ठेवली. "कॅमेरे बंद करा," म्हणाली. "कुणीबी आपली ओळख सांगायची न्हाय." मग तिनं पाच-पाच जणींचे गट केले, एकमेकींचे नंबर दिले आणि सांगितलं, "साधा फोन करा. व्हिडिओ न्हाय. आणि एवढंच इचारा, तुमच्याकडं पाणी कधी येतं?"

मला वाटलं, ही चेष्टा करतेय. पण सोलापूर जिल्ह्यातल्या बाईला पाण्याचं विचारलं की ती थांबत नाही. कुणाकडं चार दिवसांनी, कुणाकडं टँकर, कुणाच्या शेजारणीनं मोटर लावली म्हणून भांडण. मोहोळच्या रंभाबाईनं सांगितलं की पाणी आलं की ती कोर्सचा तास कानाला लावूनच घागरी भरते. माढ्याच्या ऋतुजानं, जी वयानं सगळ्यांत लहान आणि पहिल्या दिवशी सगळ्यांत फाडफाड बोललेली, तिनं सांगितलं की तिच्या गटातल्या गौरम्माकडं नळ अजून आलेलाच नाही. आणि मग म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी हसले ती मीच. मी गौरम्माताईंना सांगितलंय फोनवर."

मायाक्का म्हणाली, "बरं केलंस," आणि पुढच्या गटाकडं वळली. त्यावर तिनं भाषण दिलं नाही, हे मला आवडलं.

दुसरी गोष्ट नावांची. स्क्रीनवर नावं काय होती ते ऐका. 'संजूचा रेडमी'. 'श्री समर्थ मोबाइल शॉपी'. 'पप्पा न्यू'. बायका सासऱ्याच्या, पोरांच्या, दिरांच्या फोनवरून यायच्या आणि शिकवणारे आम्ही सगळे "हां, पप्पा न्यू, तुम्ही सांगा," असं बोलायचो. मीही बोलायचे. मायाक्का एकेकीला फोन करून नाव बदलायला लावायची. दम देतच.

"रंभाबाई, कुटं बोट लावताय? खाली. आणखी खाली. आता लिहा. कुणाचं म्हंजे काय, तुमचं! दुसऱ्या कुणाचं घालणार हितं?"

मराठीत 'रंभाबाई' असं स्क्रीनवर उमटलं तेव्हा रंभाबाईनं ते मोठ्यानं वाचलं. मग म्हणाली, "रेशनकार्डानंतर हितंच दिसलं बगा."

दोन-तीन महिन्यांत त्या वर्गाचं रूप पालटलं. एकीचा फोन फुटला की दुसरी साध्या फोनवरून तिला धडा वाचून दाखवायची. गौरम्मा बालगीतं कानडीत म्हणायची आणि बाकीच्या ती चुकत-माकत शिकायच्या, आता हसल्या तर आपल्याच उच्चारांना हसायच्या. माझ्या तासालाही हजेरी वाढली. पूर्वी कोर्स अर्ध्यात सोडणाऱ्यांची रांग लागायची, ती थांबली. अभिमन्यू सर खूश होते. दर बैठकीत ते "आपली ओळख-पद्धत" असं म्हणायचे. 'आपली' हा शब्द मायाक्काला खटकायचा, पण काम होतंय म्हणून तिनं तो सोडून दिला.

नंतरचा एक तास मी पार्टिशनच्या अलीकडून ऐकला. विषय होता बालवाडीत न बोलणारं मूल. मायाक्कानं विचारलं, "तुमी स्वतः गप्प कधी बसला होता?"

एकदोघींनी शाळेतल्या गमती सांगितल्या. मग गौरम्माचा आवाज आला.

"मी लग्नानंतर गप्प बसले, अक्का. नवरा मारायचा. आवाज केला तर जास्त मारायचा. म्हणून आवाज करायचा न्हाय, असं शिकले. माझी पोरगी ते बघून शिकली. बालवाडीत वर्षभर एक शब्द बोलली न्हाय. बाई म्हणल्या, पोरगी मुकी हाय. मुकी न्हाय ती. मग मी पोरीला घेऊन भावाकडं आले. त्याला सांगितलं, तिथं पटत न्हाय. मार सांगितला न्हाय. आईला बी न्हाय. पोरगीला बोलतं कसं करायचं, ते शिकायला मी हितं आले."

माझ्या हातातला पेन थांबला. मग रंभाबाई म्हणाली, "गौरे, जेवलीस का?" आणि सगळ्यांचे माइक एकदम चालू झाले.

मायाक्का त्यांना म्हणाली, "ही गोष्ट या वर्गाबाहेर जायची न्हाय. हितं आपल्याच बाया हायत." तिचा त्यावर विश्वास होता. तास रेकॉर्ड होतात हे तिला माहीत होतं, पण ते गैरहजर असणाऱ्यांसाठी असतात, असं आम्हाला सगळ्यांनाच सांगितलेलं होतं.

पुढच्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले आणि एका सकाळी ऋतुजाचा मेसेज मायाक्काला आला. "मॅडम, हे काय आहे?" खाली व्हिडिओ. मागं रडवं संगीत. गौरम्माचा चेहरा, तिचाच आवाज, 'नवरा मारायचा' एवढं दोनदा कापून लावलेलं. आणि मोठ्या पिवळ्या अक्षरांत: 'मार खाणारी गौरम्मा आता घडवणार मुलांचं भविष्य! तुम्ही कधी येताय? प्रवेश सुरू.'

मायाक्का जिना चढून आली ती चपला न काढता थेट सरांच्या केबिनमध्ये. दार उघडंच राहिलं. मी आणि ऑफिसातले सगळे जागच्या जागी उभे राहिलो.

"हे कुणी केलं?"

"बसा ना, बंडगर मॅडम," सर म्हणाले. "पाहिलात? आपल्या पेजवर इतका प्रतिसाद आजवर कशालाच आला नव्हता. लोक रडतायत अक्षरशः."

"तिला इचारलंत?"

"प्रवेश घेताना सगळ्यांनी अटी मान्य केल्यात. त्यात आहे ते."

"अटी इंग्रजीत हायत, सर. ती कानडी बोलते. तुमच्या अटी तिला कुणी वाचून दाखवल्या?"

"मॅडम, तुम्ही भावनिक होताय. यात तिची बदनामी कुठं आहे? उलट तिचं नाव होतंय. प्रेरणा मिळतेय लोकांना."

"सख्ख्या आईला जे सांगितलं न्हाय ते तिनं आमच्यापाशी सांगितलं. आणि तुमी ते बाजारात मांडलं. वर पिवळा रंग लावून!" टेबलावरचा पेनस्टँड तिच्या हाताच्या धक्क्यानं पडला. तिनं तो उचलला नाही. "आत्ताच्या आत्ता काढून टाका."

सर शांत होते. तेच मला असह्य झालं. ते म्हणाले, "हे बघा, या यशात तुमचाच वाटा आहे. ही माणसं इतकी मोकळी बोलतात ती तुमच्या पद्धतीमुळं. मी तर ठरवलंय, पुढच्या वर्षी सगळ्या बॅचेसची ओळख-सत्रं तुमच्याकडं द्यायची. अशा गोष्टी आणखी निघतील."

"निघतील?" मायाक्का म्हणाली. "विहिरीतून गाळ काढताय का तुमी?"

ती बाहेर आली. तिनं गौरम्माला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. गौरम्माच्या गटातल्या बायका सकाळपासून तेच करत होत्या.

शेवटी रविवारी आम्ही निघालो. रंभाबाई मोहोळहून सोलापूर स्टँडवर आली. मायाक्का आणि रंभाबाईनं एकमेकींना कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. मायाक्का गर्दीत इकडंतिकडं बघत होती, इतक्यात एक भरल्या अंगाची बाई एका फळवाल्याशी भांडताना ऐकू आली आणि मायाक्का म्हणाली, "ही आमचीच." अक्कलकोटपर्यंत एसटी आणि पुढं माणसं कोंबून नेणारी वडापची जीप. रंभाबाईनं गौरम्माच्या पोरीसाठी शेंगांचे लाडू करून आणले होते. वाटेत ती एकदाच म्हणाली, "आपल्याला घरात घेतील का वो?"

गौरम्माचा भाऊ सिद्रामप्पा ओट्यावर बसला होता. चाळिशीचा, रापलेला माणूस. आम्ही कोण ते सांगितल्यावर तो उठला नाही, पण बसा असं हातानं म्हणाला. पाणी आणायला सांगितलं. पाणी पिऊन झालं.

मग तो मायाक्काला म्हणाला, "मी टपरीवर चहा पीत होतो, मॅडम. एका पोरानं फोन पुढं केला. 'अण्णा, ही तुमची गौरम्मा न्हवं?' तिला मार पडत होता, ते मला टपरीवर कळलं. सख्ख्या भावाला. सगळं गाव बघून झाल्यावर." त्याचा आवाज चढत गेला. "दोन वर्षं ती माझ्या घरात हाय. मी रोज तिला म्हणायचो, नवऱ्याकडं जा, जुळवून घे. मी तिला म्हणायचो! आणि तुमच्या त्या फोनमधल्या बायकांना सगळं ठाऊक होतं."

त्याचा राग कुणावर होता, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"तिच्या नवऱ्याच्या घरची माणसं येऊन गेली," तो पुढं म्हणाला. "आमची बदनामी केली म्हणतात. पोरगी घेऊन जातो म्हणतात. पोरगी आता माणूस दिसला की आत पळते. तुमी काय करणार, सांगा."

मायाक्कानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. ती म्हणाली, "मी तो व्हिडिओ काढायला लावते."

"काढा की. गावाच्या डोक्यातनं कसा काढणार?"

तेवढ्यात गौरम्मा दारात आली. मी तिला स्क्रीनवर पाहिली होती त्यापेक्षा ती खूप बारीक होती. तिच्या पदराला धरून पोरगी. मायाक्का उठून उभी राहिली.

"मॅडम," गौरम्मा म्हणाली. अक्का नाही. "तुमी म्हणला होता, हितं आपल्याच बाया हायत."

"म्हणाले होते."

"मग?"

मायाक्का नुसती उभी राहिली. गौरम्मा तिच्याकडं बघत राहिली आणि मग आत वळली. रंभाबाई कुणाला न विचारता तिच्या मागोमाग घरात गेली. आम्ही दोघी ओट्यावर बसून राहिलो. आतून दोघींचा हळू आवाज येत राहिला. रंभाबाई बाहेर आली तेव्हा लाडवांचा डबा तिच्या हातात नव्हता.

परतीच्या वाटेवर अक्कलकोट स्टँडवर मायाक्का सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी कारण नसताना भांडली. बस सुटल्यावर उठून त्याच्यापाशी गेली आणि "चुकलं माझं," म्हणाली. तो बिचारा गोंधळला. रंभाबाई खिडकीतून बाहेर बघत होती. सोलापूर आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मॅडम, आता तुमी मधी पडू नका. आमी बगतो."

पुढच्या आठवड्यात नव्या बॅचचा उद्घाटन समारंभ होता, ऑनलाइनच. संस्थेला मदत करणाऱ्या एका ट्रस्टचे पाहुणे येणार होते. सरांनी मायाक्काला सांगून ठेवलं होतं, जुन्या विद्यार्थिनींना तयार करा, त्या आपली ओळख देतील, नव्यांना हुरूप येईल. मायाक्का म्हणाली, "मी कुणाला पढवून ठेवणार न्हाय." सर म्हणाले, "तेच चांगलं, नैसर्गिक वाटतं."

ऑफिसच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर सगळं दिसत होतं. सर फेटा बांधून बसले होते. मी आणि मायाक्का मागच्या खुर्च्यांवर. पाहुण्यांचं बोलणं झालं. सर म्हणाले, "आता आपल्या मोहोळच्या रंभाबाई स्वतःची ओळख करून देतील."

रंभाबाईनं कॅमेरा लावला. डोक्यावर पदर, मागं भांड्यांची मांडणी.

"नमस्कार. मी रंभाबाई. आधी गौरम्माचा व्हिडिओ काढून टाका. मग माझी ओळख सांगते."

आणि तिनं माइक बंद केला. मी मायाक्काकडं पाहिलं. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

सर हसले. "काहीतरी गैरसमज झालेला दिसतोय. बरं, माढ्याच्या ऋतुजा."

"मी ऋतुजा. आधी गौरम्माताईंचा व्हिडिओ काढून टाका. मग माझी ओळख सांगते."

तिसरी टेंभुर्णीची होती. तिनंही तेच म्हटलं. चौथीचा आवाज कापत होता, पण शब्द तेच होते. पाहुण्यांनी विचारलं, "कुठला व्हिडिओ?" सरांनी सगळ्यांचे माइक बंद केले. तर बायका लिहायला लागल्या. एकामागून एक तीच ओळ, कुणी मराठीत, कुणी इंग्रजी अक्षरांत, कुणी चुकीच्या काना-मात्रांत. सरांनी लिहिणंही बंद केलं. तेव्हा रंभाबाईनं पोराच्या वहीचा कागद कॅमेऱ्यासमोर धरला. मग दुसरीनं. मग चौकोनाचौकोनात कागद. नव्या बॅचच्या बायका बघत होत्या, पाहुणे बघत होते. सरांनी मीटिंगच बंद केली. पडदा निळा झाला आणि फेटा बांधलेले सर त्या निळ्या उजेडात बसून राहिले.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ संस्थेच्या पेजवरून गेला. माणुसकीनं नाही. नव्या बायका फोन करून विचारायला लागल्या होत्या, "आमच्या क्लासचं बी रेकॉर्डिंग करता का?" आणि प्रवेश अडायला लागले होते. त्याआधी सरांनी रंभाबाईच्या घरी फोन करून प्रमाणपत्र अडवायची धमकी दिलीच. रंभाबाईच्या नवऱ्यानं फोन तिच्याकडं दिला आणि ती म्हणाली, "अडवा. तुमचा आवाज आता माझ्याकडं बी रेकॉर्ड झालाय." झाला नव्हता. तिला ते करताही येत नव्हतं.

पण काढला म्हणून व्हिडिओ संपत नाही. महिन्याभरानं तो कुठल्यातरी 'प्रेरणादायी कथा' नावाच्या पानावर निघाला, वेगळं संगीत लावून. ऋतुजा आणि मायाक्का तक्रारी करत राहिल्या. तो तिथून गेला की दुसरीकडं निघायचा. प्रत्येक वेळी मायाक्का नव्यानं चिडायची, पहिल्याइतकीच.

मार्च संपला आणि तिची नेमणूक पुढं चालू ठेवली नाही. सरांनी कारण दिलं, "पद्धत उत्तम, स्वभाव नाही." मीही जूनपर्यंत राहून सोडलं. संस्थेच्या नव्या माहितीपत्रकात 'पाणी कधी येतं' हा खेळ छापलाय, खाली सरांचा फोटो. मी ते पत्रक मायाक्काला दाखवलं नाही. तिला ते दुसऱ्या कुणीतरी दाखवलंच, आणि तिच्या शेजारच्या खोलीतल्या माणसांनीही तिचा आवाज ऐकला असणार.

आता ती एका कॉलेजच्या दूरशिक्षण केंद्रात शिकवते. पगार कमी, बायका तशाच, शेतातून, हॉटेलातून, दवाखान्याच्या आयापदावरून आलेल्या. तिथं रुजू होण्याआधी तिनं एकच अट घातली: ओळखीचे तास रेकॉर्ड होणार नाहीत. प्राचार्य म्हणाले, नियमात बसत नाही. ती म्हणाली, मग मी पण बसत न्हाय. त्यांनी ऐकलं.

गौरम्मानं त्या वर्षी परीक्षा दिली नाही. सासरच्यांनी पोरीसाठी फार ओढाताण केली. शेवटी सिद्रामप्पाच उभा राहिला आणि त्यानं त्यांना दारातून परत पाठवलं. पुढच्या वेळी परीक्षेच्या आधी ती रंभाबाईकडं मोहोळला येऊन राहिली. रंभाबाईच्याच फोनवरून पेपर दिला आणि पास झाली. गटातल्या बायका अजून एकमेकींच्या घरी येतात-जातात. कुणाचं बारसं, कुणाचं ऑपरेशन. कोर्स संपून किती दिवस झाले, पण त्यांचा ग्रुप चालू आहे. मायाक्का त्यात नाही. सरांच्या त्या प्रकारानंतर बायकांनी शिकवणाऱ्या सगळ्यांनाच काढून टाकलं. मलाही.

परवा नव्या पेठेत मायाक्का भेटली. आम्ही उसाचा रस प्यायलो. मी विचारलं, "गौरम्मा बोलते का तुझ्याशी?"

"न्हाय."

"तू फोन केलास?"

"एकदा केला. उचलला न्हाय तिनं."

"पण चूक तर सरांची होती. तुझ्यावर कशाला राग धरायचा तिनं?"

ग्लास तिनं टेबलावर आपटला. रसवाला वळून बघायला लागला.

"का म्हंजे? तिला बोल म्हणून मी सांगितलं होतं. मला कळायला पायजे होतं, त्यो रेकॉर्डिंगचा लाल ठिपका कशाला जळतोय वर. ती बोलत न्हाय, तो तिचा हक्क हाय. तुमी तिला समजावायला जाऊ नका, बाई. सांगून ठेवते."

"बरं, नाही जात," मी म्हणाले.

तिनं उरलेला रस संपवला. मग म्हणाली, "रंभाबाई सांगत होती, गौरम्मा आता गावात बालवाडी चालवते, कानडी पोरं पण येतात. तिची पोरगी पुढं उभी राहून गाणं म्हणते."

"छान झालं की."

"व्हय," मायाक्का म्हणाली, आणि उठून उरलेल्या पैशांवरून रसवाल्याशी वाद घालायला गेली.